खारघरच्या सोसायटीवरची पांढरी धूळ, साइटची की वाळवंटाची: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

खारघरमधली एक सोसायटी, तळोजाच्या बाजूला. पाच विंग, सात मजले, खाली स्टिल्ट पार्किंग आणि बऱ्याच गाड्या उघड्यावर. सोसायटीचं नाव देत नाहीये कारण कमिटीने तेवढी एकच अट घातली होती, ओळख पटेल असे एकदोन तपशील पण बदललेत, बाकी जे झालं ते तसंच लिहितेय. पूर्वेच्या कंपाउंड वॉलला लागून एका मोठ्या टॉवरचं काम चालू होतं, खोदकाम संपून स्लॅब पडायला लागले होते, दिवसभर डंपर आणि मिक्सरचे ट्रक आणि गेटसमोरचा रस्ता कच्चाच. ए आणि डी विंगच्या टेरेसवर सोलर पॅनल आहेत, दोघांचे इन्व्हर्टर वेगळे, त्यावर लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे चालतात.

ई विंग त्या भिंतीला सगळ्यात जवळ. तिथल्या खालच्या मजल्यांवरच्या लोकांनी दिवाळीनंतर खिडक्या उघडणंच सोडलं होतं. एका आजींना दमा आहे, त्यांच्या सुनेने कमिटीला वारंवार लिहून दिलं होतं. साइटवर तोंडी सांगून झालं, पाणी मारतो म्हणाले, दोन दिवस मारलं आणि परत बंद. म्हणजे राग आधीपासून साठलेला होता आणि तो अगदी रास्त होता, हे आधीच सांगून ठेवते.

मी ठाण्याला घोडबंदर रोडवर राहते, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. सोसायटीचा खजिनदार माझा मावसभाऊ, त्यामुळे हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं.

२३ जानेवारीला काय झालं

२३ जानेवारी २०२२, रविवार. सकाळपासून आकाश पांढुरकं, सूर्य दिसतोय पण ऊन असं नाहीच, लांबच्या बिल्डिंग गायब, दुपारी सुद्धा गारवा. संध्याकाळपर्यंत उघड्यावरच्या सगळ्या गाड्यांवर पांढरट पिवळी पावडर. हाताला लावली तर मैद्यासारखी, चिमटीत खरखर जवळपास नाहीच.

ग्रुपवर मेसेजचा पाऊस. साइटवर रात्री सिमेंट उडवलं, सायलो (सिमेंट साठवायची टाकी) फुटला, मुद्दाम रविवारी करतात कारण ऑफिस बंद असतात. रात्रीपर्यंत एका सभासदाने नोटीसचा ड्राफ्ट पण टाकला: "दि. २३ रोजी आपल्या साइटवरून उडालेल्या सिमेंटच्या पावडरीमुळे" वगैरे, सगळ्या गाड्यांच्या धुलाईचा खर्च, सोलरचं नुकसान, आणि प्रत महापालिकेला. पन्नासेक लोकांनी अंगठा दिला. सेक्रेटरी सोमवारी सकाळी प्रिंट काढून सही करणार होते.

रविवारी रात्री भावाचा फोन आला, "अगं ताई, सिमेंटची टेस्ट कुठे करून मिळते?" मी त्याला म्हटलं माझ्या बाल्कनीतल्या कुंड्यांवर पण तीच पावडर बसलीये, खारघर ते घोडबंदर सरळ रेषेत पंचवीसतीस किलोमीटर, तुमच्या साइटचं सिमेंट इथे कसं येईल? वसईच्या आत्याकडे पण तेच, पुण्याच्या मित्राकडे पण तेच. तोपर्यंत बातम्यांमध्ये हवामान खात्याचं म्हणणं यायला लागलं होतं की पाकिस्तानकडून निघालेलं धुळीचं वादळ अरबी समुद्रावरून, सौराष्ट्राला घासून इकडे आलंय. सॅटेलाइटच्या फोटोत कराची आणि बलुचिस्तानच्या किनाऱ्यावरून समुद्रात शिरलेले धुळीचे पट्टे स्पष्ट दिसत होते.

इथेच प्रकरण संपलं असं वाटू शकतं. पण ई विंगच्या सूनबाईंनी ग्रुपवर एकच ओळ लिहिली: मग आमच्या घरात तीन महिने येतेय ती पण पाकिस्तानचीच का? खरी अडचण ही होती.

अडचण नीट मांडली तर

एकाच सोसायटीत दोन प्रकारची धूळ पडत होती. एक लांबून आलेली, एका दिवसाची, जिच्यासाठी कुणाला पत्र लिहिणार. दुसरी शेजारची, रोजची, जिच्यासाठी पत्र लिहायलाच हवं होतं. पण सगळ्यांना दिसली ती पहिली, कारण ती गाड्यांवर पडली. दुसरी फक्त ई विंगच्या फुफ्फुसात जात होती. नोटीस पहिलीच्या तारखेवर उभी होती आणि मागणी मनात दुसरीची होती. अशी नोटीस गेली असती तर साइटवाल्यांना फक्त पेपरचं कात्रण जोडून परत पाठवायचं काम होतं आणि त्याच कात्रणाखाली ई विंगची खरी तक्रार पण गाडली गेली असती.

धूळ कशी बनते आणि किती लांब जाते

सोमवारी रात्री कमिटीची ऑनलाइन मीटिंग झाली, ओमायक्रॉनचे दिवस होते, आणि तिथे मी हे सांगितलं. निर्णय यावरच ठरला म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मातीच्या कणांचे आकारावरून गट पाडतात, माप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्याकडच्या सिव्हिल इंजिनिअरिंगच्या मानकात ७५ मायक्रॉनच्या वर वाळू, २ ते ७५ मायक्रॉन सिल्ट म्हणजे पोयटा, आणि त्याच्या खाली चिकणमाती. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे सिल्टचा कण जास्तीत जास्त केसाएवढा.

आता हा सिल्ट बनतो कुठे? लोकांना वाटतं वाळवंटात वाळूवर वाळू घासून. थोडा तसाही बनतो, खडकाच्या फटीत मीठ वाढून खडक फुटतो त्यातूनही बनतो, पण मोठा कारखाना उंच डोंगरात असतो. हिंदुकुश, काराकोरम, हिमालय, तिथे हिमनद्या खडक दळतात, थंडीने दगड फुटतात, दरडी कोसळतात आणि मग नद्या तो सगळा माल खाली आणतात. सिंधू आणते, अफगाणिस्तानातून हेलमंद आणते. हेलमंद समुद्राला मिळतच नाही, ती इराणच्या सीमेवर सिस्तानच्या हामून तळ्यांमध्ये संपते आणि ही तळी कोरडी पडली की मागे उरतो तो नुसता बारीक गाळ, वाऱ्याला आयता. म्हणून जगातले धुळीचे मोठे उगम बघितले तर ते वाळूच्या टेकड्या कमी आणि सुकलेली तळी, नद्यांचे कोरडे पूरपट्टे जास्त. आफ्रिकेत चाडमधलं बोडेले नावाचं खोलगट मैदान घ्या, एकेकाळी तिथे प्रचंड तळं होतं, आज तिथून उडालेली धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलापर्यंत जाते. सगळ्या सहाराची मिळून वर्षाला सरासरी दोन कोटी सत्तर लाख टनांच्या वर धूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यात उतरते असा नासाच्या शास्त्रज्ञांचा २०१५ चा अंदाज आहे, आणि तिथल्या झाडांना फॉस्फरस त्यातून मिळतो.

उडण्याची पण गंमत आहे. सगळ्यात बारीक कण सगळ्यात आधी उडत असेल असं वाटतं ना, तसं नाही. फार बारीक कण एकमेकांना चिकटून बसतात, वारा त्यांना सहज सुटं करू शकत नाही. आधी हलते ती शंभर मायक्रॉनच्या आसपासची बारीक वाळू, ती जमिनीवर उड्या मारत पुढे जाते, आणि प्रत्येक उडीला खाली आपटून बारीक धूळ मोकळी करते. मग ती धूळ वारा वर नेतो. वाळू मात्र काही अंतरावर परत खाली.

एकदा वर गेली की हिशोब आकाराचा. कणाचा व्यास दुप्पट झाला की खाली पडायचा वेग चौपट. १० मायक्रॉनचा क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीचा, कण शांत हवेत सेकंदाला साधारण ८ मिलिमीटर पडतो, म्हणजे एक किलोमीटर उंचीवरून खाली यायला त्याला जवळपास ३५ तास. ५० मायक्रॉनचा सेकंदाला वीसएक सेंटिमीटर, तो दीड तासाच्या आत खाली. कराची ते मुंबई सरळ अंतर जवळपास नऊशे किलोमीटर. ताशी चाळीसचा वारा धरला तर बावीसतेवीस तास लागतात. ५० मायक्रॉनवाला साठ किलोमीटरच्या आतच समुद्रात पडणार, १० मायक्रॉनवाला आपल्या बोनेटपर्यंत येणार. वर हवेत भोवरे असतात त्यामुळे आकडे पुढेमागे होतात, पण निवड अशीच होते. लांबून आलेली धूळ बारीकच असते आणि सगळी एकसारखी बारीक असते, कारण जाड माल वाटेत गळलेला असतो.

एका सभासदाने विचारलं, ही सगळी धूळ जाते कुठे शेवटी? चांगला प्रश्न होता. उगमापासून फार लांब नाही अशा ठिकाणी, जिथे थोडं गवत, थोडा ओलावा आहे तिथे ती अडकते आणि हजारो वर्षं साठत जाते, त्या थरांना लोएस म्हणतात. चीनमध्ये पिवळ्या नदीच्या मधल्या खोऱ्यात असे थर शेकडो मीटर जाड आहेत, नदीचा पिवळा रंगच त्यातला. लोएसचे कण बहुतेक २० ते ६० मायक्रॉनचे, म्हणजे आपल्या गाड्यांवर आले त्याहून जाड, वाटेत लवकर गळलेले. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे काश्मीरमधल्या करेवा, पांपोरला ज्या पठारांवर केशर होतं त्यांच्या वरच्या थरात लोएस आहे. कोकणात असे थर साठत नाहीत, जी काही येते ती जूनमध्ये पावसाने नाल्यातून खाडीत.

समोरचे पर्याय

कमिटीसमोर साधारण चार रस्ते होते. आहे तीच नोटीस पाठवा, लोकांचा राग आहे तोवर दबाव बनेल, असं खुद्द सेक्रेटरींचं मत होतं, आणि त्यात तथ्य नव्हतं असं नाही, कारण सोसायटीत एकमत रोज रोज होत नाही. दुसरं, वादळाची धूळ आहे, धुवा आणि विसरा, असं ए आणि बी विंगवाल्यांना वाटत होतं, ज्यांच्याकडे साइटची धूळ पोचतच नव्हती. तिसरं, महागडी लॅब टेस्ट करून मग काय ते ठरवा. चौथं मी सुचवलं: नोटीस आठवडाभर थांबवा, वेगवेगळ्या जागचे नमुने घेऊन घरच्या घरी आणि कॉलेजच्या लॅबमध्ये होतील त्या साध्या चाचण्या करू, आणि दोन धुळी वेगळ्या करूनच पत्र लिहू.

आठवड्याला पण विरोध झाला. ई विंगच्या ताई (आजींच्या सूनबाई) म्हणाल्या, मॅडम, आम्ही तीन महिने थांबलोय. त्यांना म्हटलं हा आठवडा तुमच्यासाठीच आहे, गाड्यांसाठी नाही. भावाने थांबण्याच्या बाजूने मत टाकलं, दोन मतांच्या फरकाने थांबायचं ठरलं.

पहिला निर्णय: फडका की पाणी

याच्या आधीच एक निर्णय घ्यावा लागला होता. सोमवारी सकाळी सहा वाजता गाड्या पुसणारी पोरं नेहमीसारखी कोरडा फडका घेऊन सुरू झाली. बी विंगमधले एक निवृत्त काका खाली वॉकला आले होते, आयुष्यभर वर्कशॉपमध्ये काम केलेले, त्यांनी बोनेटवर बोट फिरवलं आणि पोरांना थांबवलं. काकांना कराची वगैरे काही माहीत नव्हतं, पण ही पावडर पॉलिश पेपरचं काम करेल हे हाताला कळलं. बरोबरच आहे. क्वार्ट्झचा कठीणपणा मोह्जच्या मोजपट्टीवर ७, काच साडेपाचच्या आसपास, आणि गाडीच्या रंगावरचं लॅकर तर काचेपेक्षा कितीतरी मऊ. कोरड्या फडक्याखाली क्वार्ट्झची धूळ दाबून फिरवली की बारीक ओरखडे नक्की. आधी भरपूर पाणी वरून सोडायचं, धूळ वाहून गेल्यावरच हात लावायचा. त्या दिवशी काही गाड्या तोवर पुसून झाल्या होत्या, त्यांच्या काळ्या बोनेटवर उन्हात गोल गोल रेघा आजही दिसतात.

पॅनलचं वेगळंच. व्हेंडर म्हणाला पुढच्या महिन्यात सर्व्हिसिंग आहेच, तेव्हा धुऊ. भावाने सोलरचे युनिट दाखवणारं ॲप दाखवलं: रविवारी युनिट पडले ते समजण्यासारखं, ऊनच नव्हतं, पण नंतर आकाश मोकळं झालं तरी आकडा पूर्वीच्या जागी येईना. म्हणजे आता अडवणारी धूळ हवेत नव्हती, काचेवर होती. जानेवारीत रात्री दव पडतं, ते या धुळीत मुरतं, धुळीतली चुनखडी आणि मीठ थोडं विरघळतं आणि सकाळी उन्हात सुकलं की कणाकणाला जोडणारी पापडी धरते. असं आठदहा रात्री चाललं की नुसत्या पाण्याने निघत नाही, घासावं लागतं, आणि घासलं की परत ओरखडे.

तरी लोक तयार नव्हते, खारघरमध्ये टेरेस धुवायला पाणी म्हणजे चेष्टा नाही. म्हणून फक्त ए विंगचे पॅनल धुतले, सूर्य वर यायच्या आत, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काचेला धोका. बोअरचं पाणी वापरलं नाही, ते सुकलं की क्षारांचे डाग मागे ठेवतं. डी विंग तशीच ठेवली. पुढच्या स्वच्छ उन्हाच्या दिवशी दोन इन्व्हर्टरचे आलेख शेजारी ठेवले आणि फरक इतका उघड होता की त्याच संध्याकाळी डी विंगसाठी पाणी मंजूर झालं.

नमुने आणि चाचण्या

मंगळवारी मी खारघरला गेले. नमुने घेतले ते असे: डी विंगच्या टेरेसवरच्या न धुतलेल्या पॅनलवरून, सी विंगच्या पश्चिमेच्या एका बंद फ्लॅटच्या खिडकीबाहेरून, ई विंगच्या पहिल्या मजल्याच्या ग्रिलवरून, मिक्सर धुतात त्या कोपऱ्यालगतच्या भिंतीवरून. आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा नमुना, ई विंगच्या मीटर रूमच्या दारावरचा आतला कठडा, ज्याला पावसाळ्यापासून कुणी हात लावला नव्हता. वादळाची धूळ तिथे पोचायला फारसा वाव नव्हता, म्हणजे तो जुन्या, रोजच्या धुळीचा साक्षीदार.

पहिली चाचणी मीटिंगच्या टेबलवर, सगळ्यांसमोर. काचेचे उभे ग्लास, दहा सेंटिमीटर पाणी, चमचाभर धूळ, ढवळून सोडून द्यायचं. ई विंगच्या ग्रिलची बरीचशी धूळ मिनिटभरात तळाशी, करड्या रंगाचा थर, वर पाणी थोडं गढूळ. टेरेसची धूळ मात्र तळाला जाईचना, दहा मिनिटांनी पाणी दुधाळ, अर्ध्या तासाने वरचा भाग जरा निवळ, आणि रात्रभर ठेवलं तरी सकाळी हलकी झाक होतीच. हिशोब हवेतलाच आहे, फक्त पाण्यात सगळं संथ चालतं: ५० मायक्रॉनचा कण दहा सेंटिमीटर पाऊण मिनिटात उतरतो, १० मायक्रॉनचा पंधरावीस मिनिटं घेतो, २ मायक्रॉनचा कित्येक तास. सेक्रेटरी त्या दोन ग्लासांकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग स्वतःच म्हणाले, ही एक नाही.

दुसरी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक. आपला सह्याद्रीचा काळा दगड बेसॉल्ट, त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतं, खडी आणि क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) त्याचीच. ग्रिलच्या आणि कठड्याच्या धुळीतून चुंबकाला काळी दाढी आली, टेरेसच्या धुळीत जेमतेम काही ठिपके. ग्राइंडरचा लोखंडी भुसा पण चुंबकाला चिकटतो, म्हणून एवढ्यावर निकाल द्यायचा नाही.

बाकीचं कॉलेजच्या लॅबमध्ये. ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून टेरेसची धूळ जवळपास सगळी खाली गेली, ग्रिलची बरीच वर राहिली. मायक्रोस्कोपखाली टेरेसच्या धुळीत पारदर्शक टोकदार क्वार्ट्झचे कण एकाच मापाचे, आणि बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ खनिज नावापुरतंच असतं. पातळ ॲसिडचा थेंब टाकला तर बारीक बुडबुडे, म्हणजे चुनखडी आहे, त्या कोरड्या भागातल्या धुळीत ती असतेच. पण सिमेंट जुनं झालं की तेही फसफसतं, म्हणून आम्ल की अल्क ते दाखवणारा पीएच पेपर लावला. मिक्सरच्या कोपऱ्याचा नमुना पाण्यात घातल्यावर अकराच्या वर, ताज्या सिमेंटची खूण. टेरेसचा आठच्या आसपास. सिमेंट उडत होतंच, पण ते त्या कोपऱ्यात होतं, टेरेसवर नाही.

माझ्या दृष्टीने या सगळ्यापेक्षा जास्त वजन एका साध्या गोष्टीला: पसरण. वादळाची धूळ पाचही विंगवर, पूर्व पश्चिम दोन्हीकडे, खाली वर सारखीच बसली होती. साइटची धूळ भिंतीपासून लांब जाल तशी कमी, वर जाल तशी कमी, चौथ्या मजल्याच्या वर शोधावी लागत होती.

पत्र बदललं

नव्या पत्रात २३ जानेवारीचा उल्लेखच नव्हता. गाड्यांच्या धुलाईची मागणी काढली, काही सभासद त्यावर नाराज झाले आणि राहिले. त्याऐवजी मीटर रूमच्या कठड्याचा नमुना, ई विंगचे मजल्यानुसार फोटो, आजींच्या सुनेने जुन्या तारखा टाकून ठेवलेली वही, आणि चार नेमक्या मागण्या.

साइटचे इंजिनिअर मीटिंगला आले ते मोबाइलवर बातमी उघडूनच. म्हणाले, "मॅडम, ती तर वादळाची धूळ, सगळ्या मुंबईवर पडली." सेक्रेटरी म्हणाले, "हो, म्हणूनच पत्रात ती तारीख नाही." आणि दोन ग्लास टेबलवर ठेवले. तिथून बोलणं वेगळ्या पट्टीत गेलं.

त्या बोलण्यात आणखी एक गोष्ट निघाली जी कुणाच्याच लक्षात नव्हती. साइटवाले पाणी मारत होते तेव्हा ते दुपारी तीनचारला मारायचे. हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेपासून सकाळी उशिरापर्यंत वारा जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून, आणि दुपारी समुद्राकडून. साइट पूर्वेला, सोसायटी पश्चिमेला. म्हणजे धूळ सोसायटीकडे यायची ती सकाळी, डंपरची पहिली फेरी आणि पूर्वेचा वारा एकत्र असताना, आणि पाणी पडायचं तेव्हा वारा उलट फिरलेला. पाणी सकाळी कामाच्या आधी मारायचं ठरलं. शिवाय सोसायटीच्या बाजूने पूर्ण उंचीची हिरवी जाळी, गेटवर ट्रकची चाकं धुवायची जागा, डंपरवर ताडपत्री, आणि मिक्सर धुवायचा कोपरा भिंतीपासून लांब.

पुढे काय झालं

सकाळच्या पाण्याचा फरक आठवड्याभरात दिसला. जाळीला महिना लागला आणि ती खालच्या दोन मजल्यांपुरतीच नीट बांधली गेली. चाकं धुणं चालू आहे पण रात्रीच्या ट्रकला कुणी थांबवत नाही. आजींची खिडकी दुपारी उघडता येते, सकाळी अजून नाही. मला वाटतं यापेक्षा जास्त मिळायला हवं होतं, आणि ताईंनाही तसंच वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

एक, रविवारी. दिवसभर ग्रुपवर गाड्यांचीच चर्चा, पण १० मायक्रॉनच्या खालची धूळ श्वासातून आत जाते, आणि त्या दिवशी हवाच त्याने भरलेली होती. ज्येष्ठांनी आणि दमेकऱ्यांनी घरात थांबा, खिडक्या बंद ठेवा, बाहेर जावं लागलं तर मास्क नीट लावा, ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका, एवढा एक मेसेज सकाळीच जायला हवा होता. कुणीच टाकला नाही. कमिटीने आता तो तयार ठेवलाय.

दोन, नमुने. सोमवारपर्यंत बहुतेक जागा धुऊन झाल्या होत्या, मंगळवारी मला हाताला लागलं ते नशिबाने. धुवायच्या आधी स्वच्छ कोऱ्या कागदाची पुडी करावी, वर तारीख, वेळ, जागा, मजला, वाऱ्याची दिशा. चार्ल्स डार्विन १८३२ च्या जानेवारीत बीगल जहाजावरून आफ्रिकेच्या पश्चिमेच्या केप व्हर्ड बेटांपाशी होता तेव्हा जहाजावर अशीच बारीक तपकिरी धूळ पडली, त्याने ती गोळा करून जपून ठेवली, पुढे जर्मनीत एहरेनबर्ग या शास्त्रज्ञाने ती मायक्रोस्कोपखाली पाहिली आणि त्यात गोड्या पाण्यातले सूक्ष्मजीव सापडले. समुद्राच्या मध्यावर तळ्यातले जीव, म्हणजे धूळ जमिनीवरून आली हे ठरवायला पुड्या कामी आल्या.

तीन, ई विंगची तक्रार गाड्यांच्या रागापासून पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवायला हवी होती. दिवाळीनंतरच मीटर रूमचा कठडा अर्धा पुसून अर्धा तसाच ठेवला असता, दर महिन्याला एक पुडी घेतली असती, तर वादळ यायच्या आधीच पुरावा हातात असता आणि जानेवारीत कुणाला आठवडाभर थांबवावं लागलं नसतं. आता तो कठडा तसाच विभागलाय, पुड्या सोसायटी ऑफिसच्या कपाटात आहेत आणि रात्रीच्या ट्रकबद्दलचं दुसरं पत्र ताई स्वतः लिहितायत.